राखणीचं इंधन

दर्यावस्तीवर मासळी मिळते, वीज हवी तेवढी मिळते, संध्याकाळी भजनी मंडळाची तालीमही कानावर येते. मिळत नाही तो फक्त इंधनाचा थेंब. रत्नागिरीहून निघून किनारा दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ पश्चिमेला उडत राहावं, तेव्हा कुठे तरंगत्या पवनचक्क्यांची ही वसाहत लागते. तिथल्या माणसांना समुद्राची भीती वाटत नाही, आगीची वाटते. पाण्यावर पेट घेतलेल्या घरातून पळायचं कुठे? म्हणून वस्तीवर इंधन साठवायला सक्त मनाई आहे. जो विमान घेऊन येईल त्यानं परतीची सोय आपल्याबरोबर आणावी.

लहान विमानाच्या पंखांत जायचं आणि यायचं इंधन मावत नाही, म्हणून मागच्या खुर्च्या काढून तिथे थैली बांधतात. ही कल्पना जुनीच. पत्र्याची टाकी अर्धी रिकामी झाली की आतलं इंधन डचमळतं, विमानाचा तोल बिघडतो आणि मोकळ्या जागेत पेटती वाफ साठते. थैलीचं तसं नाही. इंधन कमी होईल तशी ती आक्रसत जाते, आत पोकळी राहतच नाही. पूर्वीच्या थैल्या रबरी कापडाच्या असत, त्यांचा त्रास एकच. घडीवर चीर पडे आणि ती नेमकी समुद्राच्या मध्यावर पडे.

डॉ. वृषाली केळुसकर यांनी हा त्रास संपवला तो थैलीला जिवंत करून. त्यांच्या कागदपत्रांत तिचं नाव ‘जीवथैली’, वैमानिकांच्या तोंडी नुसती थैली. हाताला कोमट लागणारा, बोटभर जाडीचा, तपकिरी पडदा. चीर पडली तर ती स्वतःच सांधतो. वैमानिकानं पुढचं बटण दाबलं की विजेचा हलका इशारा मिळतो आणि थैली अंग आवळून इंधन पंखांकडे ढकलते. बदल्यात ती काय मागते? त्यातलंच चिमूटभर इंधन. तिचा आहारच तो. तळाशी तांब्याभर राहिलं की तिला पुरे, असं नियमात लिहिलेलं आहे.

पण नियम लिहिणारे आणि उडणारे यांच्यात नेहमीच थोडं अंतर राहतं. रत्नागिरीच्या वैमानिकांना तांब्याभर ही कंजुषी वाटली. ज्या जिवाच्या भरवशावर आपण समुद्र ओलांडतो त्याच्या तोंडचा घास कसला मोजायचा? कोकणात जमिनीच्या राखणदाराला वर्षातून एकदा मान देतात, त्याला राखण म्हणतात. तसं या मंडळींनी प्रत्येक फेरीनंतर थैलीत दोन-तीन बादल्या इंधन सोडायला सुरुवात केली. आधी थट्टेत, मग सवयीनं, मग अगदी न चुकता. कॅप्टन यास्मीन सोलकर तर पंखांत उरलेलंही थैलीत ओतायची. ‘आमची राखण’ म्हणायची आणि स्वतःवरच हसायची.

त्या दिवशी दुपारी ती हसत नव्हती. विमानात तिच्या मागे थैली होती आणि थैलीच्या शेजारी स्ट्रेचरवर हेमलता तांडेल. हेमलता वस्तीवर पवनचक्क्यांची दुरुस्ती करायची. सातवा महिना होता. सकाळपासून रक्त जात होतं आणि वस्तीवरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. तासाभराच्या आत शस्त्रक्रिया करणारं रुग्णालय गाठलं नाही तर दोघंही हाती लागणार नाहीत, हे त्यांनी यास्मीनला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

समोरून वारा सुटला होता. जाताना पाठीत धक्का देणारा वारा परतीला आडवा येईल असा अंदाज होताच, पण हा अंदाजाच्या दुप्पट निघाला. विमान जोर लावत होतं आणि पुढे सरकत नव्हतं असं यास्मीनला वाटू लागलं. तिनं थैलीचं बटण दाबलं. पंखांच्या टाकीचा काटा हलला नाही. पुन्हा दाबलं, मग धरूनच ठेवलं. काटा होता तिथेच.

मान वळवून पाहिलं तर थैली रिकामी नव्हती. तळाशी चांगली फुगीर दिसत होती. इंधन होतं, रत्नागिरीला पोचून वर उरेल इतकं होतं.

“काय झाला गो, ताई?” हेमलतानं विचारलं.

“काही नाही. तू पडून राहा.”

“मी मशीनवर काम करतंय. बटण तीनदा दाबलंस. काही नाही कसा?”

यास्मीननं रेडिओवरून रत्नागिरी मागितलं, आणि रत्नागिरीनं प्रयोगशाळेतून केळुसकर मॅडमना जोडून दिलं. यास्मीननं घाईघाईनं सगळं सांगितलं.

“तुम्ही तळाशी किती ठेवत होतात?” वृषालीबाईंनी विचारलं.

“दोन-तीन बादल्या.”

“दर वेळी?”

“दर वेळी. सगळेच ठेवतो, मॅडम. तिला बरं असतं म्हणून.”

“अगं, मग तेवढं आपलंच आहे असं ती शिकली.”

“शिकली म्हणजे? तिला डोकं कुठाय?”

“डोकं लागत नाही,” वृषालीबाई म्हणाल्या. त्यांना समजावून सांगायची सवय होती, आणि घाबरल्या की त्या जास्तच समजावत. “कुजक्या ओंडक्यावर पिवळा बुळबुळीत जीव वाढतो, पाहिलायस? त्याला मेंदू नाही, एकसुद्धा मज्जातंतू नाही. तरी तो अनुभवानं शिकतो. एवढंच नाही, न शिकलेल्या दुसऱ्या तुकड्याला चिकटला की त्यालाही ते येतं. थैलीचा पडदा मी त्याच धर्तीवर वाढवला. एका थैलीनं वादळ सोसलं की तिचं कलम बाकीच्यांवर बांधायचं, हापूसचं बांधतात तसं. मग सगळ्यांना वादळ ठाऊक. मला ती हुशार हवी होती, यास्मीन. तुम्ही दर वेळी तेवढंच सोडलंत, कधीही मागितलं नाहीत. आता ते मागितलं तर ती तोंड मिटून घेणारच.”

“मग उघडू कसं?”

“सवय मोडायला महिने लागतात.”

“माझ्याकडे अर्ध्या तासाचं इंधन आहे! मागे बाई रक्तानं भिजलीय!”

हे तिनं मोठ्यानं म्हणायला नको होतं. हेमलतानं डोळे मिटून घेतले.

“एक उपाय आहे,” वृषालीबाई हळू बोलल्या. “मला तो प्रयोगशाळेत चुकून सापडला. मी कुणाला सांगितला नाही, सांगायचाही नव्हता. वरच्या अंगाला, जिथे ती आक्रसलीय आणि आत इंधन नाही, तिथे तिला भोसकायचं. जखम झाली की सगळं अंग जखमेकडे धावतं, तोंडाची पकड सुटते. तेवढ्यात बटण दाबायचं. पण जखम लगेच भरते आणि ती पुन्हा मिटते. म्हणजे पुन्हा भोसकायचं, दर वेळी नव्या जागी. जुनी जागा ती ओळखते. आणि धातूचं काही वापरू नकोस. ठिणगी पडली तर वाफ पेटेल.”

यास्मीननं विचारलं, “तिला दुखतं?”

“मज्जातंतू नाहीत म्हटलं ना.”

“मी ते नाही विचारलं.”

“मला माहीत नाही,” वृषालीबाई म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच कुणी ऐकले असतील.

यास्मीननं विमान स्वयंचलित यंत्रणेवर सोपवलं, नको ती सगळी बटणं बंद केली, हवेची झडप उघडली आणि खुर्चीवरून मागे वळली. धातू सोडून टोकदार असं विमानात काय असणार? तिची नजर भिरभिरत असताना हेमलतानं उशाची पिशवी पुढे सरकवली. आत जाळं विणायची बांबूची सुई होती. मासेमारी करणाऱ्या तांडेलांच्या घरात ती असतेच.

“ही घे. टोक चांगला आहे.”

पहिल्या वेळी यास्मीनचा हात अडला. ज्या पडद्यावर ती रोज ओला फडका फिरवायची तो समोर होता, कोमट, थोडासा वरखाली होणारा. तिनं डोळे मिटून सुई घुसवली. आत जाताना कच्च्या फणसात जावी तशी ती अडली आणि मग एकदम गेली. पेट्रोलचा उग्र दर्प सुटला. सबंध थैलीला शहारा आला. यास्मीननं पुढे न पाहता हात लांबवून बटण दाबलं, आणि पंखांच्या टाकीचा काटा वर सरकला.

मग तो थांबला.

दुसऱ्या वेळी हात अडला नाही. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. त्यानंतर मात्र तिनं मोजणं सोडलं. वारा तसाच होता, खाली पाणीच पाणी होतं, आणि ती वळायची, भोसकायची, बटण दाबायची, काट्याकडे पाहायची. थैलीच्या पाठीवर वळ उठत चालले होते. भरून आलेल्या जखमांचे पांढरट वळ.

“ताई, ती थरथरतेय गो,” हेमलता म्हणाली. तिचा एक हात स्वतःच्या पोटावर होता आणि दुसरा थैलीवर. “माझ्या हाताला लागतंय. सुई अजून आत गेलीपण नाही, आणि थरथरतेय.”

“हात काढ तिथून.”

हेमलतानं हात काढला. थोड्या वेळानं तिला मोठी कळ आली, तिनं दात आवळले आणि कळ ओसरल्यावर म्हणाली, “आणखी एकदा कर. थांबू नको.”

किनारा दिसला तेव्हा यास्मीनला आनंद झाला नाही. अंगातलं बळ सगळं हातात गेलं होतं. ती उतरली, रुग्णवाहिका उभीच होती, हेमलताला नेलं. संध्याकाळी निरोप आला. मुलगी झाली, वजन कमी आहे, पण दोघीही धोक्याबाहेर आहेत. तेव्हा कुठे यास्मीन हँगरच्या पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली.

गोष्ट इथे संपती तर फार बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचे व्यवस्थापक मोरजकर यांनी यास्मीनला आणि वृषालीबाईंना हँगरमध्ये बोलावलं. मोरजकर वाईट माणूस नव्हता. चार रात्री त्याला झोप नव्हती, कारण त्याच्या सगळ्याच थैल्या तळाचं इंधन धरून ठेवत होत्या आणि त्यानं सगळी उड्डाणं थांबवली होती. दर्यावस्तीवर एका म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका आला होता. त्याला बोटीनं घेऊन निघाले, पण बोट वेळेत किनाऱ्याला पोचली नाही; तो वाटेतच गेला.

“ही बघा,” तो म्हणाला.

यास्मीनची थैली मांडणीवर ठेवली होती, तोंडाला नळी, नळीखाली पिंप. मोरजकरनं फक्त बटणाकडे हात नेला, दाबलं नाही. थैलीनं अंग आवळलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत सगळं पिंपात ओतलं. नियमातलं तांब्याभरही ठेवलं नाही.

“आम्ही दहादा करून पाहिलं. मागायच्या आधी देते! मॅडम, याच थैलीचं कलम सगळ्यांवर बांधा. चार दिवसांत उड्डाणं सुरू होतील.”

“तिनं आहारही ठेवला नाही,” वृषालीबाई म्हणाल्या. “अशानं वर्षभरात वाळून मरेल.”

“मरेल तेव्हा दुसरी वाढवू.”

“दुसरा मार्ग आहे. सवय मोडता येते. तळाचं इंधन न ठेवता हळूहळू शिकवायचं. पावसाळ्यापर्यंत होईल.”

“आणि पावसाळ्यापर्यंत वस्तीवरच्या माणसांनी आजारी पडायचं नाही, असं कळवू का?”

वृषालीबाई यास्मीनकडे वळून म्हणाल्या, “मला हे एकटीनं ठरवता येणार नाही. उडायचं तुम्हाला आहे. तू सांग. सवय मोडून शिकवायचं, की हिचं कलम घ्यायचं?”

“कलमाला सगळं आठवेल?” यास्मीननं विचारलं.

“आठवेल.”

“त्या दुपारचंसुद्धा?”

“तेवढ्याचसाठी तर कलम घ्यायचं.”

यास्मीन थैलीजवळ गेली. वळ अजून दिसत होते. या जिवाला आपण प्रेमानं पोसलं तेव्हा त्यानं तोंड मिटलं, आणि जे केलं त्याला नाव द्यायची लाज वाटते ते केलं तेव्हा सगळं दिलं. तिला त्या थैलीची अतोनात कीव आली. तिला बोटीतल्या म्हाताऱ्याचीही आठवण आली, ज्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. उद्या मागे कोणीतरी स्ट्रेचरवर असेल, समोर वारा असेल, आणि ती बटण दाबेल. तेव्हा काटा हलायला हवा. दुसरं काही तिला सुचेना.

“हिचंच घ्या,” ती म्हणाली.

वृषालीबाईंनी हातमोजे चढवले आणि पातं उचललं. पातं अजून हातभर दूर होतं, तोच थैलीनं आपलं रिकामं अंग पुन्हा आवळलं. द्यायला काही उरलं नव्हतं, तरी ती आवळत राहिली. वृषालीबाईंनी तोंड फिरवलं. यास्मीन मात्र पाहत राहिली, आणि या थैल्या कधीही दगा देणार नाहीत याची तिला खात्री पटली. तिला फार हायसं वाटलं.