पसंतीचे तीन रकाने

तारामती भर रस्त्यात उलटी चालत होती. तेही दिवसाढवळ्या, हैदराबादेत नल्लकुंट्याच्या वळणावर, सहावीच्या चोवीस पोरींची रांग समोर घेऊन. शाळेच्या फाटकापासून चौकातल्या नळापर्यंत पावलं मोजायची आणि दहा पावलांना पट्टीवरचं एक सूत धरून वहीत रस्त्याचा नकाशा काढायचा, असा त्या दिवशीचा भूगोल होता. पोरी पावलं मोजत होत्या, बाई पोरींवर लक्ष ठेवत होत्या, आणि बाईंच्या मागून काय येतंय याकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं.

"एकशे सदतीस... एकशे अडतीस..."

आणि धाडकन सायकल!

तारामती मटकन खालीच बसली. सायकल एकीकडे, सायकलवाला दुसरीकडे, त्याच्या बगलेतली कागदांची लांब गुंडाळी तिसरीकडे. चोवीस पोरी एका सुरात किंचाळल्या. फक्त भामा, जिला कशाचंच भय नव्हतं, ती ओरडली, "बाई, एकशे एकोणचाळीस! विसरू नका!"

"डोळे कुठं ठेवून सायकल चालवता हो?" तारामतीने पदर झटकत विचारलं.

"समोरच ठेवले होते. पण तुम्ही उलटं चालायलाव, बाई." तो कोपर चोळत उठला. सव्वीस-सत्तावीसचा, सावळा, बोटांना शाईचे डाग. "तीनदा घंटी वाजवली. तुमच्या मोजणीपुढं माझी घंटी कुणाला ऐकू येते!"

तिला हसू येणार होतं. पण तेवढ्यात तिची नजर रस्त्यावर उलगडलेल्या कागदाकडे गेली आणि हसू जागच्या जागी राहिलं.

हैदराबाद राज्याचा नकाशा होता. वर्गाच्या भिंतीवर टांगलेला, तिला डोळे मिटून काढता येणारा तोच आकार. फक्त त्याच्यावर लाल पेन्सिलीच्या दोन जाड रेघा होत्या आणि राज्याचे तीन तुकडे झाले होते.

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. उन्हाळ्यापासून पेपरात तेच येत होतं. मराठवाडा मुंबईकडे, तेलंगण आंध्राकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, एक नोव्हेंबरपासून. तिचे वडील हणमंतराव रोज सकाळी चहाबरोबर मोठ्यानं वाचून दाखवायचे. ती हूं हूं म्हणायची आणि शाळेत येऊन पोरींना तोच सबंध नकाशा शिकवायची. आता मात्र रेघ समोर होती. ती तिचं परभणीचं आजोळ आणि मलकपेठेतलं घर यांच्यामधून सरळ गेली होती.

"हे... हे कुणी केलं?"

"सरकारी कागद आहे, बाई." तो घाईघाईनं गुंडाळू लागला. "मी दाखवला नाही, तुम्ही पाहिला नाही. मी मोजणीच्या दफ्तरात नकाशे काढतो. हुकूम वरून आला. हात माझा."

"हात थरथरला नाही?"

त्याने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "गोदावरीपाशी पेन्सिल मोडली," तो म्हणाला. "मग दुसरी घेतली."

तेवढं सांगून तो सायकलवर बसला आणि गेला. एकशे एकोणचाळीसच्या पुढं कुणीच मोजलं नाही.

*

मुख्याध्यापिका सुशीलाबाई भारी धोरणी. मोजणीच्या दफ्तरातला माणूस शाळेपुढं पडला हे कळल्यावर त्याला शोधून काढून त्यांनी शनिवारी दुपारी पोरींना नकाशा शिकवायला बोलावलं. "सरकारी माणूस आहे, फुकट येतोय, नाही म्हणू नकोस," त्यांनी तारामतीला बजावलं. नाही म्हणायचा तिचा विचारही नव्हता.

हिम्मतराव त्याचं नाव. मूळचा नांदेडकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षण उर्दूतून, नकाशाची विद्या दफ्तरातल्या म्हाताऱ्या उस्तादांकडून. फळ्यापाशी उभा राहिला की मोठ्या रुबाबात सांगायचा, "नकाशा हातात आला की आधी काय बघायचं, पोरींनो? गाव नाही, नदी नाही. आधी दिशा. कुठून वाचायचं ते ज्याला कळलं नाही, त्यानं कागदाला हात लावू नये."

"हौ, सर!" चोवीस गळे.

मग प्रमाण, मग चिन्हांची सूची. पोरींना घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढून आणायला सांगितलं, तेव्हा भामा म्हणाली, "सर, तुम्ही पण काढा ना!" आणि पुढच्या शनिवारी त्याने खरंच काढून आणला. सुबक, शाईनं, झाडन् झाड दाखवलेला. तारामती तो तपासत बसली आणि तिची भुवई वर गेली.

"तुमची खोली अंबरपेठेत?"

"हौ."

"शाळा नल्लकुंट्यात. मग तुमची वाट मुशी ओलांडून मलकपेठेत कशी गेली? आणि पुन्हा मुशी ओलांडून परत?"

"रस्ता चांगला आहे तिकडचा."

"तुमचं प्रमाण चुकलंय."

"प्रमाण बराबर आहे, बाई." तो खडूकडे पाहत म्हणाला. "मीच जरा लांबून येतो."

मलकपेठेत, टपालकचेरीच्या मागच्या गल्लीत, तारामतीचं घर होतं. नकाशात गल्ली होती, आणि गल्लीतल्या तिसऱ्या दाराशी शाईचा एक बारीक ठिपका. तिने लाल शाईनं दहापैकी सहा गुण दिले. चार कापले ते वळसा घेतल्याबद्दल. ती वही मात्र तिने परत केली नाही.

त्यानंतरचे शनिवार असे गेले की तिला कळलेच नाहीत. तो चुकून तिचा खडू घेऊन जायचा आणि पुढच्या खेपेला तोच खडू आणून द्यायचा. ती चहात साखर कमी घालायची, तो तक्रार न करता प्यायचा. "नाव हिम्मतराव, आणि साखर मागायची हिंमत नाही!" ती एकदा म्हणाली. तो कानापर्यंत लाल झाला. आपण याच्या प्रेमात पडलोय हे तारामतीला त्या क्षणी कळलं, आणि कळल्यावर इतकी धसकली की उरलेला चहा तिने साखरेच्या डब्यातच ओतला.

दसऱ्याच्या आधी तो नेहमीपेक्षा गंभीर होऊन आला. "दफ्तरात फॉर्म वाटलेत, बाई. कुठल्या राज्यात जायचं, प्रत्येकानं पसंती लिहायची. तीन राज्यं, तीन रकाने."

तिच्या हातातली पट्टी घसरली. "तुम्ही नांदेडचे. मुंबईच लिहिली असेल."

"सगळ्यांनी तसंच धरलंय."

"मग... खरं काय?"

"हुकूम आला की सांगतो." तो दारात थबकला. "आणि हुकूम मनासारखा आला तर... अजून एक गोष्ट विचारायची आहे. तुमच्या वडलांना पण विचारीन. पण आधी तुम्हाला."

तिने फक्त मान खाली घातली, पण ती इतकी लगेच घातली की त्याला सगळं समजलं.

*

हुकूम मंगळवारी आला. शनिवार नसताना हिम्मतराव वर्गाच्या दारात उभा दिसला आणि तारामतीने हातातला खडू खाली ठेवला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"गुलबर्गा," तो म्हणाला.

"काय?"

"म्हैसूर राज्य. गुलबर्ग्याचं दफ्तर. एक तारखेला हजर व्हायचं."

पोरींना वाचन देऊन ती व्हरांड्यात आली. "तुम्ही... गुलबर्गा मागितलंत?"

"मी? मला कानडी एक अक्षर येत नाही, बाई! माझं तिथं कुत्रं ओळखीचं नाही! आणि हुकुमात लिहिलंय, अर्जदाराच्या पहिल्या पसंतीनुसार!" त्याने खिशातून आणखी एक कागद काढला. "ही माझ्या फॉर्मची नक्कल. तुम्हीच बघा. पहिली पसंती मी आंध्र लिहिली, म्हणजे हेच हैदराबाद. स्वतःच्या हातानं."

हैदराबाद. म्हणजे नांदेड नाही, आईबापांचं गाव नाही. तिच्या डोळ्यांपुढं अक्षरं तरंगायला लागली. ती तिने निकरानं जागेवर आणली.

कागद इंग्रजी होता, चक्रमुद्रित, रकान्यांवरचे पसंतीचे आकडे इतके पुसट की उजेडात धरावा लागला. तीन रकाने. उजवीकडे त्याच्या सुबक अक्षरात आंध्र. मध्ये मुंबई. डावीकडे म्हैसूर. तिने आकडे पाहिले, पुन्हा पाहिले.

"हिम्मतराव, तुम्ही लिहायला कुठून सुरुवात केली?"

"कुठून म्हणजे? उजवीकडून. पहिला रकाना..." तो थांबला.

दहा वर्षं तो उर्दू तक्ते भरत होता. तिथं पहिला रकाना उजवीकडे असतो. उस्तादांनी तसंच शिकवलं होतं, हात तसाच वळला होता. पण हा कागद इंग्रजी होता. पहिला रकाना डावीकडे होता.

"नकाशा हातात आला की आधी काय बघायचं?" तिने विचारलं.

"दिशा," तो पुटपुटला, आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

दुरुस्तीचा अर्ज त्याने त्याच दिवशी दिला. उत्तरही त्याच दिवशी मिळालं. आधी हजर व्हा, मग तबादल्याचं, बदलीचं बघू. दोन वर्षं लागतील, चार लागतील, कदाचित होणारही नाही.

दुसऱ्या दिवशी तो तेवढंच सांगायला आला. "जे विचारणार होतो ते आता विचारत नाही. तुमचं घर इथं, शाळा इथं, वडील एकटे. माझ्या चुकीपायी तुम्हाला परक्या मुलखात चला म्हणू? नक्को. तेवढा नालायक नाही मी."

"प्रश्न तुमचा, उत्तरही तुम्हीच देऊन टाकलंत?" तिला रडू येण्याआधी राग आला. "माझी पसंती कुणी विचारायची?"

पण तो मान खाली घालून निघून गेला. जवळच्या रस्त्यानं, मुशी न ओलांडता.

तारामती रात्री जेवली नाही, सकाळी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हणमंतरावांनी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "शनिवारी गल्लीतून सायकलवर जाणारा तो पोरगा, त्याचं काही बिनसलंय का?"

तिने चमकून पाहिलं. "तुम्हाला कसं..."

"अगं, मी तीस वर्षं टपालात काढली. या गल्लीत कोण कशाला येतो ते मला कळतं."

मग तिने सगळं सांगितलं. गुलबर्गा ऐकून तेही हबकले. "तिथं आपलं कोण आहे?"

"आता असेल," तारामती म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

हणमंतराव म्हणाले, "टपाल जातं तिकडं. दोन दिवसांत पोचतं." आणि डोळे पुसायला त्यांनी पुन्हा पेपर उघडला.

*

एकतीस ऑक्टोबर. दिवाळी तोंडावर आलेली, शाळेचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, आणि त्या राज्याचाही. सुशीलाबाईंनी भिंतीवरचा नकाशा उतरवायला सांगितलं होतं. पोरी बावरून नुसत्या बघत होत्या. हिम्मतराव निरोप घ्यायला आला तेव्हा भामा स्टुलावर चढून नकाशावर पट्टी लावत होती.

"हैदराबाद ते गुलबर्गा, साडेतेरा इंच, बाई!"

"इंचाला आठ मैल. किती झाले?"

"एकशे आठ!"

"एवढेच?" तारामती म्हणाली. "मला वाटलं, फार लांब आहे."

हिम्मतरावाने मान वर केली. ती टेबलाआड उभी होती, हातात एक घडी केलेला कागद.

"मी खाजगी शाळेची मास्तरीण. पसंतीचा फॉर्म मला कुणी दिला नाही. म्हणून मीच आखला. दफ्तरी कागद आहे, वाचून घ्या."

त्याने घडी उघडली. तीन रकाने, शाईनं नीट आखलेले. उजवीकडे गुलबर्गा. मध्ये गुलबर्गा. डावीकडे गुलबर्गा.

"या वेळी कुठूनही वाचा," ती म्हणाली. पुढं आणखी काही म्हणायचं तिने पाठ केलं होतं, ते ओठांवरच विरलं.

त्याला धक्का बसला होता, इतका की त्याने कागद उलटा करून मागं काही आहे का तेही पाहिलं. "बाई... तारामती... तुमचे वडील?"

"खाली बघा. त्यांची सही आहे."

होती. तिच्या सहीच्या खाली, टपालातल्या ठसठशीत अक्षरात. त्याच्याही खाली मंजुरीची जागा कोरी होती.

हिम्मतरावाने खिसे चाचपले. हाताला लागली ती लाल पेन्सिल. त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, कागद टेबलावर ठेवला आणि त्या कोऱ्या जागेत जुन्या सवयीनं उजवीकडून एक शब्द लिहिला. उर्दूत. या खेपेला पेन्सिल मोडली नाही.

"बाई, सरांनी काय लिहिलं?" भामाने स्टुलावरून वाकून विचारलं. "मला उर्दू येत नाही!"

तारामतीला येत होतं. तिने तो शब्द वाचला, पोरींकडे पाठ केली आणि डस्टर घेऊन फळा पुसायला लागली. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.