मागच्या बाकावरचं रशियन

१९५८ साली मी गोंदियाच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. दिल्लीला रशियन शिकून आलेला माणूस म्हणून प्राचार्यांनी दुपारचा रशियनचा वर्गही माझ्याच गळ्यात मारला. मुलांना त्या भाषेशी, तिथल्या माणसांशी काही देणंघेणं नव्हतं. भिलईला पोलादाचा कारखाना उभा राहत होता, रशियन इंजिनिअर आले होते आणि दुभाष्याला पगार चांगला होता. तेवढ्यासाठी ही पोरं धानाच्या बांधीतून उठून आली होती. मला त्यांची कीव येत नसे, किळस येई, आणि ती मी लपवत नसे.

वर्गाच्या पलीकडेच राइस मिल होती. एप्रिलच्या झळांबरोबर कोंड्याची धूळ आत येई आणि जिभेवर बसे.

सगळ्यात मठ्ठ होता शालीकराम बिसेन, सालेकशाकडच्या पोवार शेतकऱ्याचा मुलगा. दुधाला रशियनमध्ये 'मलाको' म्हणतात. लिहिताना सगळे ओ, पण जोर नसलेल्या ओचा उच्चार आ. हे मी पोरांकडून घोकवून घेतलं होतं. तरी एक दिवस तो उठून म्हणाला, "मोलोको."

"असं तिकडचे अडाणी खेडूत बोलतात," मी म्हटलं. "तुला शोभतं, पण नोकरी नाही मिळायची."

पोरं हसली. शालीकराम हसला नाही.

"बाई तसंच सांगून राहिली, सर."

"कोण बाई?"

त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मी त्याला खाली बसवलं.

पुढच्या आठवड्यात सगळा वर्ग मोलोको म्हणू लागला. टिंगल चालली असणार म्हणून मी त्यातल्या त्यात बऱ्या डोक्याच्या हुकुमचंद पटले याला उभं केलं.

"समोरून तुम्ही सांगता, मागून ते बाई सांगते," तो शांतपणे म्हणाला. "तिचं आम्हाले समजते."

मी फळ्याकडे वळलो. नंतर शालीकरामला घराविषयी रशियनमध्ये काही वाक्यं बोलायला सांगितली. माझ्या पाठात घर, गाय आणि विहीर होती. त्याचं सुरू झालं ते न अडखळता: चूल विझली आहे. दाराशी बर्फ साचला आहे. मुलगा अजून आला नाही.

बर्फाचा शब्द मी शिकवला नव्हता.

"याचा अर्थ काय?"

"मले का माहीत, सर?"

त्याच्या हातांवर काटा आला होता. बाहेर अंग भाजणारी लू वाहत होती. रेडिओवरून पाठ केलं असेल, असं म्हणून मी त्याला बाहेर काढलं. त्याच्या गावात रेडिओ नव्हता, हे मला माहीत होतं.

महिनाअखेर दुभाषे निवडायला भिलईहून कारेलिन नावाचा इंजिनिअर आला. मोठ्या हाडाचा, उन्हाने सोललेल्या नाकाचा. माझं रशियन ऐकून तो नुसता हसला. मी माझ्या पोरांना हसतो, तसाच. मग त्याने शालीकरामला उभं केलं.

शालीकराम बोलू लागला. चूल, बर्फ, मुलगा.

कारेलिनचं हसू गेलं. "ही बोली याला कोणी शिकवली?" त्याने मला रशियनमध्ये विचारलं.

"चुकीचे उच्चार आहेत, मी सुधारतो आहे."

"चुकीचे नाहीत. आमच्या गावात असंच बोलत. लढाईत ते जळलं. आता तिथे कोणी नाही."

शालीकराम थांबला होता. पोरं मागे वळून बघत होती. कारेलिनही वळला.

रिकाम्या बाकाकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"मामा?" तो हळूच म्हणाला.

त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात. पोरांना ते मी कधी सांगितलं नव्हतं, तरी कोणी हसलं नाही.

मग सगळा वर्ग एका सुरात बोलला. "मित्या, खोलोदनो."

मित्या, थंडी वाजते.

कारेलिनचं पहिलं नाव आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. ओ सगळे गावठी, पसरट होते. बोलणाऱ्यांत माझाही आवाज होता.

कारेलिन उठला. भर दुपारी त्याने दार ओढून घेतलं, दाराशी वाकून बूट काढले आणि ते भिंतीला नीट लावून ठेवले. मग तो मागच्या बाकावर जाऊन बसला, एका टोकाला, शेजारी जागा सोडून.