मोठ्यानं वाचायच्या गोष्टी

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा बाळ पहिल्यांदा हसलं. छापखान्याच्या माडीवर, रिकाम्या कोपऱ्याकडे बघून.

तोवर सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं. खाली यंत्र धडधडत होतं आणि त्याची थरथर टेबलाच्या पायांतून वर येत होती. टेबलाच्या एका बाजूला प्रूफ तपासणारे काका, दुसऱ्या बाजूला बाळाची आई, आणि शेजारी कागदाच्या रिकाम्या खोक्यात चादर अंथरून बसवलेलं बाळ. आईचं काम म्हणजे जुन्या पुस्तकातून मोठ्यानं वाचायचं. काका नव्या छापील कागदावर बोट फिरवत चुका धरायचे. वाचायचं ते मात्र सपाट, आवाज वरखाली न करता, विरामचिन्हांसकट. "सासू म्हणाली स्वल्पविराम दूध कुणी उतू घालवलं प्रश्नचिन्ह."

काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गोष्टीत गुंतलीस की डोळे पुढे पळतात आणि चूक राहते. गाड्यांचं वेळापत्रक वाचतेस असं वाच."

तिला ते जमायचं. गुंतायला मन ठिकाणावर हवं ना. बाळाला वर्ष होऊन गेलं होतं आणि ते अजून एकदाही हसलं नव्हतं. रडायचं तेसुद्धा आवाज न करता, नुसते ओठ वाकडे करून. डॉक्टरांनी कान बघितले, घसा बघितला आणि वाट बघा म्हणाले. सांगायला काय जातं? ती झोपेतून उठून उठून त्याच्या नाकाशी बोट धरायची. सासूबाई म्हणायच्या, "असू दे गं, या घरात एक तरी गप्प माणूस जन्माला आलं." एवढं बोलून त्या आत जायच्या आणि डोळे पुसायच्या.

हातातलं पुस्तक एका जुन्या काळच्या बाईंच्या गोष्टींचं होतं. बायकांनी गोष्टी लिहायच्या नसतात असं सगळेच धरून चालायचे, तेव्हा या भागात पहिल्यांदा ज्यांनी लिहिल्या त्या ह्या बाई. याच माडीवर त्या भाड्यानं राहायच्या म्हणे. छापखाना मागाहून आला.

त्या दिवशीची गोष्ट होती सासू-सुनेच्या अबोल्याची. दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत, जे काय असेल ते मांजरीला सांगायच्या. "मांजरी, तुझ्या मालकिणीला सांग, दूध तापलंय." "मांजरी, तिला सांग, मला डोळे आहेत." आणि एक दिवस मांजरच नाहीशी होते. घरात बोलायला कुणी उरत नाही.

इतक्यात वीज गेली. खालचं यंत्र धापा टाकत थांबलं. ढग दाटून आल्यामुळे खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं झालं. काका खिडकीपाशी सरकले. "वाच तू, मला दिसतंय."

ती वाचू लागली. शांततेत तिचाच आवाज तिला परका वाटत होता. आणि मग कुणीतरी नुकताच दिवा फुंकून विझवावा तसा, जळक्या वातीचा वास आला.

बाळ हसलं. खळखळून, पोट धरून हसावं तसं.

तिच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. "काका... तुम्ही काही केलंत का त्याला?"

"मी कशाला... मला वाटलं तू पण हसलीस."

"मी नाही हसले."

"पण आवाज दोन होते..."

बाळ कोपऱ्याकडे बघत होतं. तिथं कागदाचे गठ्ठे होते आणि त्यांच्यापुढे थोडा अंधार, इतर अंधारापेक्षा दाट. तिनं बाळाला खसकन उचललं आणि जिना गाठला. तिच्या खांद्यावरून बाळानं मागे हात पसरले. ओठ वाकडे झाले. आणि कोपऱ्यातून, अगदी हळू...

"थांबू नकोस ना... आता कुठे रंगत आली होती."

ती पायरीवर खिळली.

काका पुटपुटले, "त्या लिहिणाऱ्या बाईच्या गोष्टी बायका चोरून वाचायच्या म्हणतात. कोठीच्या खोलीत, दाराला कडी घालून, मनातल्या मनात. मोठ्यानं कुणी वाचल्याच नसतील बिचारीच्या."

"मग मी काय करू?"

"मला विचारतेस? माझे पाय खिडकीपासून हलत नाहीयेत."

खाली उघड्या दाराचा उजेड होता, माणसं होती. पण डॉक्टरांना जमलं नव्हतं ते त्या कोपऱ्यानं केलं होतं. बाळाचं अंग अजून हसण्यानं गरम होतं. ती परत आली, बाळाला मांडीवर घेतलं आणि पुस्तक उचललं. या खेपेला तिनं स्वल्पविराम सांगितले नाहीत की पूर्णविराम. सासूचा आवाज काढला, सुनेचा काढला, मांजरीचाही काढला. दोघी गल्लीभर मांजर शोधतात, सासू म्हणते, "तू तिकडून जा," सून म्हणते, "बरं, आई." आणि दोघी जागच्या जागी थबकतात. मांजर उंबऱ्यावर बसून जांभई देत असते.

बाळ उचकी लागेपर्यंत हसलं. काका खोकला येईपर्यंत हसले. कोपऱ्यातलं हसू दोघांपेक्षा लांबलं.

वीज आली तेव्हा कोपऱ्यात नुसते गठ्ठे होते. काका कागद चाचपत म्हणाले, "सगळं पुन्हा वाचायला लागणार. एक चूक धरली नाही मी."

"वाचू की," ती म्हणाली.

आता बाळ कशालाही हसतं. सासूबाई म्हणतात, "याला गप्प कसं करायचं, तेही त्याच डॉक्टरांना विचार."

फक्त एकदा तिच्या हातून चुकलं. घरी दुपारी बाळ झोपलं होतं, ते जागं होऊ नये म्हणून ती पुस्तक मनातल्या मनात वाचत बसली. अर्धं पान झालं आणि मानेला गार लागलं. कुणीतरी खांद्यावरून वाकून ओळ शोधत होतं. तिनं पान उलटायला बोट लावलं, तर कानाशी कुजबुज आली, "थांब... माझं व्हायचंय अजून."

म्हणून एवढं करा, ज्यांच्या घरी त्या बाईंचं पुस्तक असेल त्यांना निरोप द्या. मोठ्यानं वाचा. मोठ्यानं वाचलं की ती कोपऱ्यात बसून ऐकते. मनात वाचलं की तिला जवळ यावं लागतं.