मास्तरांच्या गाडीचा ब्रेक

दार लोटून घ्या आणि ऐका. ही गोष्ट बनवलेली असती तर मी ती आणखी रंगवून सांगितली असती. ही माझ्या मिस्त्रीची आहे. वीस वर्षं मी त्याच्याकडे गाडी टाकली. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा. घरच्यांचं मात्र या कानानं ऐकून त्या कानानं सोडायचा.

मंगळवारची रात्र, एक वाजून चाळीस मिनिटं. मिस्त्री पिशवीत कोरा करकरीत एबीएसचा मॉड्यूल घेऊन गॅरेजवर आला. ब्रेक मारताना चाकं अडकू नयेत म्हणून बॉनेटखाली बसवतात, तो डबा. मागच्या कोपऱ्यात गावच्या शाळेतल्या मास्तरांची चेपलेली गाडी उभी होती. आठ दिवसांपूर्वी मास्तर तिच्यातच अपघातात गेले. रस्त्यावर ब्रेक मारल्याची खूण नव्हती, म्हणून सगळे म्हणाले, डुलकी लागली असणार.

खरं काय ते मिस्त्रीलाच ठाऊक. महिन्यापूर्वी त्यानं त्या गाडीत भंगारातला डबा पुसूनबिसून बसवला होता, नवा म्हणून. दृष्टीआड सृष्टी. पण डबा आतून गळका असला की पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. सकाळी दहाला विम्याचा साहेब गाडी तपासायला येणार होता. त्याआधी डबा बदलला, की मास्तरांची डुलकी कायमची खरी ठरणार. मिस्त्रीला लाज वाटत होती. पण तुरुंगाची भीती लाजेपेक्षा मोठी होती.

बॅटरी धडकेतच फुटली होती, ती काढून टाकलेली. त्यानं शटर आतून लावलं, टॉर्च टेकवला आणि पहिल्या नळीचा नट सैल केला. ब्रेक ऑइल ठिबकायला लागलं. अशा वेळी कुणीतरी सीटवर बसून पेडल थोडं दाबून धरायचं असतं, म्हणजे वरच्या टाकीतलं ऑइल वाहून जात नाही. तीस वर्षांची सवय. बॉनेटमधून डोकं न काढताच तो म्हणाला, "दाबून धर."

ठिबकणं थांबलं.

"हां, बास." त्यानं दुसरा नट फिरवला. तिसरा.

मग त्याचा हात थांबला.

गॅरेजात तो एकटाच होता...

मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला होता. ब्रेकचे दिवे. बॅटरी नसलेल्या गाडीचे.

"कोण आहे?"

...

बॉनेट वर होतं, त्यामुळे सीट दिसत नव्हती. दोन पावलं बाजूला झालं की दिसली असती. ती दोन पावलं त्याला टाकवली नाहीत.

"सोड..."

सीट करकरली. उघड्या नळीतून ऑइल उसळून त्याच्या तोंडावर आलं. परत. परत. घाईघाईनं. समोर अचानक काही आलं की माणूस दाबतो, तसं.

मिस्त्रीची पाचावर धारण बसली.

"मास्तर... सांगतो मी. सगळं सांगतो."

उजेड गेला.

सकाळी साहेब आला, मास्तरांची बायकोही आली. मिस्त्री रात्रभर तिथंच बसून होता. जुना डबा गाडीतच, नवा पिशवीत.

"वहिनी, मास्तरांना डुलकी लागली नव्हती. त्यांनी ब्रेक दाबला होता. मी बसवलेल्या डब्यानं तो लागू दिला नाही."

साहेबानं लिहून घेतलं आणि दार ओढून तो आत वाकला. पेडल पार तळाला टेकलेलं. सळईनं उचकटलं, तरी वर येईना.

वहिनी पुढं झाल्या. वाकून त्यांनी पेडलच्या रबरावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग साहेबाला म्हणाल्या, "तुम्ही लावून बघा हात."

त्यानं लावला. हे मला त्या साहेबानंच सांगितलंय, मिस्त्रीनं नाही.

रबर गरम होतं. पायातली चप्पल आत्ताच काढून ठेवावी, तसं.