शून्यावर गुरगुरणारा स्पीकर

गाणं बंद. आवाज शून्यावर. तरीही स्पीकर आपला सुरूच! "घर्र... घर्र... घर्र..."

"जुई, हलगी लावलीयस की मिक्सर?" अल्फियाने विचारलं. अल्फिया म्हणजे चांद्रवस्तीच्या शाळेतल्या लेझीम पथकाची कप्तान, आणि टोमणे मारण्यातही कप्तानच. "खऱ्या हलगीचं चामडं इथल्या कोरड्या हवेनं तडकलंय. तुझा डबा संध्याकाळी असाच घरघरला, तर स्थापना दिनाला आपलं लेझीम रद्द. बाईंनी स्पष्ट सांगितलंय."

"डबा नाही, प्लेअर!" जुई फणकारली. सगळी सुट्टी खपून बनवला होता तिनं तो. आत मायक्रोकंट्रोलर (एका चिपमध्ये मावणारा चिमुकला संगणक), त्यात साठवलेला हलगीचा ठेका, मग अ‍ॅम्प्लिफायर (बारीक आवाज मोठा करणारा भाग), मग स्पीकर. शिवाय ठेक्यावर उघडमीट करणारी दिव्यांची झगझगीत माळ!

"जुईताई, सगळेच भाग बदलू?" ठोकळ्याने विचारलं. हा वस्तीचं भांडार सांभाळणारा यंत्रमानव. तांब्याची तार पृथ्वीवरून यायची, म्हणून वीतभर तारसुद्धा त्याच्याकडे मागून घ्यावी लागे.

"थांब रे! आधी चोर तर शोधू." जुईने बाह्या सरसावल्या. "आवाज शून्यावर आहे, म्हणजे चिप स्पीकरकडे ठेका पाठवतच नाहीये. मग दोष साठवलेल्या ठेक्यात नाही. घरघर चिपच्या पुढे कुठेतरी घुसतेय."

तिनं कान लावला. आवाज बंद असला तरी माळ ठेक्यावर उघडमीट करतच होती. माळ लागली की घर्र. विझली की गप्प. तिनं माळेची पिन उपसली. चिडीचूप!

"झालं तर! माळ फेकून दे," अल्फिया म्हणाली.

"आणि मागच्या रांगेचं काय? घुमटात आवाज घुमतो, ती मुलं दिवे बघूनच ठेका धरतात. आणि माळ स्पीकरला जोडलेलीच नाही. मग घरघर शिरली कुठून?"

जुईने एकेक तार बोटानं पकडत नेली. आणि थबकली. वस्तीत तार वाचवणाऱ्याचं कोण कौतुक! तिनंही मोठ्या हुशारीनं दिव्यांची आणि अ‍ॅम्प्लिफायरची बॅटरीकडे परतणारी तार एकच ठेवली होती. ठोकळ्याने तिला त्याबद्दल शाबासकीही दिली होती.

"अल्फिया, शेजारच्यांनी बादली ओतली की तुमच्या मोरीत काय होतं?"

"पाणी वर चढतं, गुडगुड करत. शी!"

"कारण दोघांची नळी एकच! वीजही बॅटरीतून निघते, काम करते आणि बॅटरीकडे परतते. तारेला थोडा रोध (वीज वाहताना होणारा अडथळा) असतोच. दिवे लागले की खूप वीज एकदम त्या तारेत येते आणि अ‍ॅम्प्लिफायरपाशी व्होल्टेज (विजेचा दाब) किंचित वर चढतो. अ‍ॅम्प्लिफायर तिथूनच आपलं शून्य मोजतो. शून्यच हललं, की त्या बिचाऱ्याला वाटतं, ठेका आला! मग तो इमानदारीत ते मोठं करतो."

"घर्र!" अल्फिया ओरडली.

"ठोकळ्या, वेगळी तार दे. दोघांच्या वाटा थेट बॅटरीपाशीच भेटतील, वाटेत कुठेही नाही."

"एका कामाला दोन तारा? उधळपट्टी!"

"वाचवून काय मिळालं? घर्र! तुलाच ऐकायचंय का संध्याकाळभर?"

ठोकळ्याचे डोळे दोनदा मिचकले. खण उघडला. "वीतभर."

"हातभर!"

"बरं बाई, हातभर."

जुईने जोड दिला, माळ लावली, आवाज शून्यावर नेला. दिवे लखलखले. स्पीकरमधून काहीच नाही, अगदी काहीच नाही! मग तिनं आवाज वाढवला आणि हलगी कडाडली.

संध्याकाळी घुमट दणाणून गेला. चंद्रावरची उडी ती, पोरं लेझीम छनकावत डोक्याइतकी उंच उडत होती. मागची रांग दिव्यांवर नजर लावून अचूक ठेका धरत होती. बाई तर खुर्चीवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

"आमची इंजिनिअर!" म्हणत अल्फियाने जुईला रिंगणात ओढलं.

दुसऱ्या दिवशी ठोकळ्या तिला शोधत वर्गात आला. नव्या घुमटात गाण्याची खोली होणार होती आणि तिच्या तारा अजून टाकायच्या होत्या.

"जुईताई, परतीच्या वाटा कुठून काढू?"

जुईने खडू उचलला आणि अख्खा फळा पुसून टाकला.