कानशीचे ओरखडे

सरका जवळ. माझ्या मावसभावाचं सांगतो. बंदुका दुरुस्त करायचा, सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. थापा मारणाऱ्यातला नव्हता तो.

गेल्या मार्चातली अमावस्या, शनिवारची रात्र. दुकान बंद करता करता एकजण रायफल घेऊन आला.

"दादाची आहे. साफ करताना सुटली आणि... दादा गेला. आता वहिनीला ती घरात नको. आतला खटका तेवढा बदला, विकून टाकू. जुना फेकून द्या."

"पोलिसांनी पाहिली?"

"अपघात म्हणून सोडली. आजच होईल ना?"

मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली. विकायच्या बंदुकीची एवढी घाई? "थांबू नका इथं," म्हणत त्यानं त्याला वाटेला लावलं आणि दार आतून लावून घेतलं.

बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा मुठीचा दांडा, बाहेर काढून त्यानं भिंगातून आत पाहिलं. चाप ओढेपर्यंत बार रोखून धरायचा, हे त्या खटक्याचं काम. त्याची कड झिजली नव्हती. कानशीनं घासली होती. ओरखडे अजून चकचकीत. गोळी भरून नुसता बोल्ट पुढे ढकलला, तरी बार उडणार.

"अरे देवा! म्हणजे धाकट्यानंच..."

भिंग ठेवायला तो वळला, तर मागे टेबलावर आवाज आला. खट्.

बोल्ट रायफलीत होता. मीच बसवला असेल... त्यानं तो काढला, खणात ठेवला, कुलूप लावलं.

वळला.

खट्.

कुलूप तसंच. बोल्ट रायफलीत. आणि नळी... दाराकडे.

तेवढ्यात दार वाजलं. "मिस्त्री, झालं का?" तोच.

"सकाळी या."

"उघडा ना. खटका मीच घेऊन जातो."

टेबलावर बोल्टची मूठ उठली. हळूहळू. बोल्ट मागे सरकला. थांबला.

दार धडधडत होतं.

"नको," तो रिकाम्या खोलीला म्हणाला. "तुमचा भाऊ आहे तो. मी सांगतो पोलिसांना. शपथ."

...

बोल्ट मागेच राहिला.

बाहेरची पावलं दूर गेली. मिस्त्री पहाटेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिला, रायफलीला हात न लावता.

सकाळी त्यानं बोलावलेले फौजदार आले, ओरखडे पाहिले. धाकट्यानं दुपारपर्यंत सगळं कबूल केलं. जमिनीचा वाद होता.

पण सकाळी फौजदारांनी रायफल पहिल्यांदा उचलली तेव्हा मिस्त्रीला विचारलं, "ही भरून का ठेवलीत?"

मागे ओढलेल्या बोल्टपुढे एक जिवंत काडतूस होतं. मिस्त्रीच्या दुकानात काडतूस कधीच नसायचं.