एक तारीख, सोळा तारीख

लोंग गावात पाच पायांचं रेडकू जन्मलं आणि दुपारच्या आत निम्मं गाव पावडरचे डबे घेऊन गोठ्यात हजर झालं. असल्या नवलाच्या अंगावर पावडर चोळली की कातडीवर आकडे दिसतात, आणि सोडत तर परवावर आलेली. लमैही धावली, पण पावडर न घेता. ती लॉटरीची तिकिटं विकायची. कोणता आकडा दिसला हे तिला गिऱ्हाइकांच्या आधी कळायला हवं होतं. तिकिटांची लाकडी पेटी बांधलेली सायकल कुंपणाला टेकवून ती गर्दीत घुसली, तर रेडकापुढे एक तरुण दोन्ही हात पसरून उभा. नुकताच बदलून आलेला गुरांचा डॉक्टर, थनित. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, केस पावडरीने पांढरे.

"वजन किती भरलं, डॉक्टर?" तिने विचारलं.

"एकतीस किलो. का, बाळंतविडा आणलाय?"

ती हसली… आणि मग तो पण. तासाभरात एकतीसवर संपणारं एकही तिकीट तिच्या पेटीत उरलं नाही.

सोडतीत शेवटचे दोन आकडे आले चौऱ्याऐंशी. कुणी नशिबाला बोल लावला नाही. नूडल विकणाऱ्या सोमवांग काकूंनी चौकशी करून शोधून काढलं, की रेडकू जन्मलं आठ वाजून चार मिनिटांनी! आकडा समोर होता, आपणच वेड्यासारखं वजन विचारत बसलो. सगळ्यांना ते पटलं आणि सगळे खुशीत घरी गेले. लमैला या माणसांचं हेच कौतुक वाटे. हरल्यावर ती रडत नसत, आकडा वाचताना झालेली आपली चूक शोधत. आणि चूक सापडली की पंधरा दिवस पुन्हा आशेने राहायला मोकळी.

तिचे दिवसही त्याच तालावर चालायचे. एक तारीख, सोळा तारीख. सोडत झाली की बसने वांग सफुंगला घरी जायचं, घरातल्याच कामफन मावशीकडून नवी तिकिटं घ्यायची, तीन दिवसांनी परत लोंगच्या बाजारात. वांग सफुंगात घरटी एक माणूस असा तिकिटं घेऊन देशभर फिरतो.

त्या रेडकानंतर डॉक्टर दर खेपेला पेटीशी येऊन थांबू लागला. काहीतरी विचारायचा. घर नंबर किती? एकशे बारा, असं म्हणून लमै बारावर संपणारं तिकीट काढून द्यायची. भावंडं किती? पाच, त्यात मी तिसरी. लगेच त्रेपन्न. वय? सव्वीस. तो मुकाट्याने पैसे द्यायचा, तिकीट खिशात घालायचा, आणि तरी दोन मिनिटं रेंगाळायचा. इतका चिकट खेळाडू बाजाराने पाहिला नव्हता. काकू तर त्याचा आकडा बघून गुपचूप तोच घेऊ लागल्या.

लमैला मात्र मनातून लागायचं. गिऱ्हाईक झाडाच्या खोडात आकडे बघतं, मोटारीच्या पाटीत बघतं… याने माझ्यात बघितले, एवढंच ना? मग तो वळणावर दिसला की पेटीची काच आपण दोनदा का पुसतो, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

पावसाळा आला तसा मावशीने निरोप दिला: दक्षिणेला विक्री दुप्पट आहे, लोंग सोड. सोळाची सोडत झाली की काय ते सांग.

सोळा तारखेला दुपारी पाऊस झिमझिमत होता. पेटीत चार-पाच तिकिटं उरलेली. डॉक्टर आला, तसं तिने खाली बघत सांगून टाकलं, की ही तिची इथली शेवटची सोडत असेल बहुधा.

त्याने विचारलं, "वांग सफुंगची बस किती वाजता सुटते?"

"सहा चाळीस." तिचा हात सवयीने पेटीत गेला. "चाळीसवर संपणारं आहे बघा एक—"

त्याने पेटीवर हात ठेवला. "आकडा नकोय. मला यायचंय."

"…कुठे?"

"तुमच्या घरी. एकशे बारा नंबरला."

लमै तशीच उभी राहिली. छत्रीच्या कडेवरून पाणी तिच्या मनगटावर पडत होतं. "मग इतके महिने आकडे—"

"मी आकडे कधी मागितले? तुम्हीच उत्तर द्यायचात आणि लगेच तिकीट हातात ठेवायचात. नाही म्हटलं असतं, तर उभं कशाच्या नावावर राहायचं?"

"एखादं लागलंय का त्यातलं?"

"बघितलं नाही."

जन्मभर तिकिटं विकलेल्या मुलीला याहून मोठा धक्का देता आला नसता. त्याने शर्टाच्या खिशातून गठ्ठा काढला; अकरा तिकिटं, घडीसुद्धा न मोडलेली.

"लोकांचा निकाल सोळाला लागतो," तो हळूच म्हणाला. "माझा एकोणीसला. वळणावर तुमची सायकल दिसते की नाही, एवढंच मी बघतो."

तेवढ्यात काकूंच्या गाड्यावरचा रेडिओ आकडे वाचू लागला. सगळा बाजार श्वास रोखून गप्प. कढईवरचा झारासुद्धा थांबला. मग एक लांब उसासा, त्यामागून हशा, आणि आपण कुठे चुकलो हे काकूंनी सांगायला सुरुवात केली. कोणता आकडा आला, हे लमैला पहिल्यांदाच ऐकू आलं नाही.

तिने फोन लावला. मावशीने आधी किती तिकिटं उरली ते विचारलं, मग काय ठरलं ते.

"दक्षिणेला दुसऱ्या कुणाला पाठव, मावशी. मी लोंगलाच राहते. आणि उद्या एका माणसाचा स्वयंपाक जास्त कर… सांगते, घरी आल्यावर सांगते."

फोन ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं, या माणसाने तिचं सगळं विचारून घेतलं होतं आणि आपण त्याला अजून काहीच विचारलेलं नाही.

"मावशी फार तिखट करते," ती म्हणाली. "चालतं तुम्हाला?"

"नाही चालत," तो म्हणाला. "पण खाईन."